वेगवान धावणे आणि आनुवंशिकता

वेगवान धावणे आणि आनुवंशिकता हा क्रीडाविज्ञान व जनुकशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. १०० ते ४०० मीटरच्या शर्यती, अडथळ्यांच्या शर्यती, लांब उडी, गोळाफेक, भारोत्तोलन आणि काही प्रमाणात कुस्ती या खेळांत अल्पावधीत मोठी शक्ती निर्माण करावी लागते. अशा खेळांत उच्च पातळी गाठणाऱ्या खेळाडूंच्या शरीररचनेत जनुकांचा वाटा किती, कोणती जनुके त्यास कारणीभूत आहेत आणि त्यांच्या आधारे खेळाडू निवडता येतात काय, हे या विषयातील प्रमुख प्रश्न आहेत. यातील सर्वाधिक अभ्यासलेले जनुक ‘एसीटीएन३’ हे असून प्रसारमाध्यमांत त्याला ‘वेगाचे जनुक’ असे नाव पडले आहे. ते नाव दिशाभूल करणारे आहे. अशा समजुतीवर आधारलेला एक मोठा प्रयोग भारतात, गोव्याच्या शेजारी असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, या जनुकाचा शोध लागण्याच्याही आधी झाला होता.

स्नायुतंतू

मानवी अस्थिस्नायूंत प्रामुख्याने दोन प्रकारचे तंतू असतात. मंद आकुंचन पावणारे तंतू प्राणवायूचा वापर करून दीर्घकाळ काम करतात व उशिरा थकतात. जलद आकुंचन पावणारे तंतू झटकन व जोराने आकसतात. मात्र ते लवकर थकतात. जलद तंतूंचे पुन्हा उपप्रकार आहेत. त्यांतील काही तंतू सरावाने अधिक दमदार होऊ शकतात.

शर्यतीची बंदूक वाजल्यापासून पहिल्या काही सेकंदांत लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन या संयुगातून येते. त्यानंतर प्राणवायूशिवाय होणाऱ्या शर्कराविघटनाचा वाटा वाढत जातो. १०० मीटरची शर्यत म्हणजे बहुतांशी या दोन साठ्यांचा हिशेब होय. उत्तम वेगवान धावपटूंच्या मांडीच्या स्नायूत जलद तंतूंचे प्रमाण जास्त आढळते, तर मॅरेथॉन धावपटूंत मंद तंतूंचे. सर्वसाधारण माणसात दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे असले, तरी व्यक्तिपरत्वे त्यात बराच फरक पडतो. कॅनडातील संशोधकांनी १९९५ साली केलेल्या अंदाजानुसार या फरकापैकी सुमारे ४५ टक्के भाग आनुवंशिक असतो. उरलेला भाग परिस्थिती, सराव व मोजमापातील त्रुटी यांचा असतो.

एसीटीएन३

एसीटीएन३ हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन तयार करण्याची सूचना त्यात असते. स्नायुतंतूच्या आत आकुंचन घडवणाऱ्या सूत्रांची रचना ठराविक अंतरावरील आडव्या पट्ट्यांना बांधलेली असते. या पट्ट्यांच्या जागी सूत्रे एकमेकांशी पक्की जोडून ठेवण्याचे काम अल्फा-ॲक्टिनिन कुलातील प्रथिने करतात. यांपैकी अल्फा-ॲक्टिनिन-२ सर्व तंतूंत असते, तर अल्फा-ॲक्टिनिन-३ फक्त जलद तंतूंत आढळते.

या जनुकाचा एक बदललेला नमुना मानवजातीत मोठ्या प्रमाणावर पसरलेला आहे. प्रथिनसाखळीतील ५७७ व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाचा संकेत असतो. बदललेल्या नमुन्यात तेथे केवळ एका अक्षराच्या फरकाने ‘येथे थांबा’ असा संकेत तयार होतो आणि प्रथिन अर्धवट राहते. मूळ नमुन्यास ‘आर’ व बदललेल्या नमुन्यास ‘एक्स’ म्हणतात. प्रत्येक व्यक्तीला आईकडून एक व वडिलांकडून एक अशा दोन प्रती मिळतात. त्यामुळे व्यक्ती आरआर, आरएक्स किंवा एक्सएक्स असू शकते. एक्सएक्स व्यक्तीच्या शरीरात अल्फा-ॲक्टिनिन-३ मुळीच तयार होत नाही. तरीही तिला कोणताही रोग होत नाही, कारण अल्फा-ॲक्टिनिन-२ बरीचशी उणीव भरून काढते. जगात असे एक अब्जाहून अधिक लोक असावेत. युरोपीय वंशाच्या लोकांत एक्सएक्स व्यक्ती सुमारे १८ टक्के, आशियातील अनेक समूहांत सुमारे २५ टक्के, तर केनिया व नायजेरियातील समूहांत जेमतेम एक टक्का आढळतात.

हा शोध खेळाच्या मैदानावर लागलेला नाही. सिडनी येथील बालरोग व जनुकतज्ज्ञ कॅथरिन नॉर्थ आणि त्यांचे सहकारी स्नायुक्षयाच्या रोगांचा अभ्यास करत होते. रुग्णांच्या स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ आढळले नाही, तेव्हा रोगाचे कारण सापडले असे प्रथम वाटले. पुढे निरोगी नातेवाइकांतही ते नसल्याचे दिसले. १९९९ साली या गटाने प्रथिनाचा हा अभाव सर्वसामान्य लोकांतही सर्रास असल्याचे प्रसिद्ध केले. मग स्वाभाविक प्रश्न असा पडला की, जे प्रथिन नसले तरी चालते, ते जलद तंतूंत इतका काळ टिकून का राहिले?

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या अव्वल खेळाडूंची तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०७ वेगवान व शक्तिप्रधान खेळांचे खेळाडू, १९४ दमाच्या खेळांचे खेळाडू व ४३६ सर्वसामान्य व्यक्ती होत्या. सर्वसामान्यांत एक्सएक्सचे प्रमाण १८ टक्के होते. वेगवान व शक्तिप्रधान खेळाडूंत ते केवळ ६ टक्के भरले, तर दमाच्या खेळाडूंत २४ टक्के. वेग व शक्तीच्या खेळांत ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंत एकही एक्सएक्स नव्हता. ‘वेगाचे जनुक’ हा शब्दप्रयोग याच निष्कर्षातून रूढ झाला.

पुढील संशोधनाने या चित्राला दुजोरा दिला आणि मर्यादाही घातल्या. २००७ साली प्रयोगशाळेत हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांचे जलद तंतू प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जामार्गाकडे झुकले, ताकद थोडी घटली व ते सामान्य उंदरांपेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक अंतर धावले. युरोप व पूर्व आशियातील लोकांत ‘एक्स’ नमुना निवडीच्या दाबाने वाढल्याच्या खुणाही त्याच अभ्यासात मिळाल्या. थंडीशी त्याचा संबंध असावा, असा एक तर्क आहे. २०२१ साली ४२ पुरुषांना १४ अंश सेल्सिअस पाण्यात बसवून केलेल्या प्रयोगात एक्सएक्स व्यक्तींनी शरीराचे तापमान अधिक चांगले राखल्याचे दिसले. म्हणजे ज्याला वेगाच्या दृष्टीने ‘दोष’ म्हटले गेले, तो थंड प्रदेशात लाभ ठरला असू शकतो.

मर्यादा दोन प्रकारच्या आहेत. एक म्हणजे अपवाद: स्पेनच्या एका ऑलिंपिक दर्जाच्या लांब उडीपटूची तपासणी केली असता तो एक्सएक्स निघाला. दुसरी मर्यादा परिणामाच्या आकाराची. २०१६ साली दहा देशांतील ३४६ अव्वल वेगवान धावपटूंच्या वेळा तपासण्यात आल्या. त्यांच्यातील २०० मीटरच्या वेळेतील फरकापैकी एसीटीएन३ मुळे स्पष्ट होणारा भाग सुमारे एक टक्का होता. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक ठरणाऱ्या खेळात एक टक्काही क्षुल्लक नाही. परंतु तो उरलेल्या ९९ टक्क्यांबद्दल काहीच सांगत नाही.

इतर जनुके

सतराव्या गुणसूत्रावरील ‘एसीई’ हे जनुक रक्तदाब नियंत्रित करणाऱ्या एका विकराशी संबंधित आहे. त्याच्या एका नमुन्यात २८७ अक्षरांचा तुकडा जास्तीचा असतो, दुसऱ्यात नसतो. १९९८ साली ब्रिटिश संशोधकांनी कृत्रिम प्राणवायूशिवाय ७,००० मीटरपेक्षा उंच चढलेल्या २५ गिर्यारोहकांचा अभ्यास केला. त्यांच्यात जास्तीचा तुकडा असलेला नमुना अधिक आढळला. उलट, तुकडा नसलेला नमुना काही अभ्यासांत कमी पल्ल्याच्या जलतरणपटूंत व धावपटूंत अधिक दिसला. या जनुकाबाबतचे निष्कर्ष समूहानुसार बदलत राहिले असून ते एसीटीएन३ इतके स्थिर नाहीत.

मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीस आवर घालते. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झाला की स्नायू प्रमाणाबाहेर वाढतात. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत हे उघड दिसते. व्हिपेट जातीच्या शर्यती कुत्र्यांत बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असलेले कुत्रे अधिक वेगाने धावतात. दोन्ही प्रती बिघडलेले कुत्रे मात्र अतिस्थूल स्नायूंचे होतात. माणसातील पहिले उदाहरण २००४ साली जर्मनीतून नोंदवले गेले. साडेचार वर्षांचा हा मुलगा तीन-तीन किलोचे वजन दोन्ही हात ताठ पसरून धरू शकत असे. त्याच्यात दोन्ही प्रती निकामी होत्या. त्याची आई पूर्वी व्यावसायिक वेगवान धावपटू होती आणि तिच्यात एक प्रत निकामी होती. एका जनुकाचा मोठा व स्पष्ट परिणाम दाखवणारे असे उदाहरण अत्यंत विरळ आहे. सर्वसामान्य खेळाडूंची क्षमता त्यातून समजावता येत नाही.

खेळाडूपणाशी संबंध जोडण्यात आलेल्या जनुकीय बदलांची संख्या २०२३ पर्यंत अडीचशेच्या आसपास गेली होती. त्यांतील निम्म्याच बदलांना एकापेक्षा अधिक अभ्यासांचा आधार मिळाला आहे. अव्वल खेळाडू मुळातच थोडे असतात, त्यामुळे अभ्यासाचे नमुने लहान राहतात व योगायोगाने दिसलेला संबंधही खरा वाटू शकतो. तुलनेसाठी मानवी उंचीचे उदाहरण घेता येईल. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित सुमारे १२,००० बदल शोधण्यात आले. फूटपट्टीने मोजता येणाऱ्या एका गुणासाठी एवढे बदल लागत असतील, तर पायांची लांबी, तंतूंचे प्रमाण, स्नायुबंधांचा ताठरपणा, चेतासंस्थेची तत्परता, दुखापतीतून सावरणे व मनाची तयारी या सर्वांतून घडणाऱ्या धावगतीसाठी दोन-चार जनुके पुरेशी असण्याची शक्यता नाही.

घराणे व तालीम

ब्रिटनमधील जुळ्या बहिणींवर २००७ साली झालेल्या अभ्यासात, स्पर्धात्मक पातळीवरील खेळाडू असणे या गुणातील फरकाचा सुमारे ६६ टक्के भाग आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. या आकड्याचा अर्थ वारंवार चुकीचा लावला जातो. एखाद्या खेळाडूचे ६६ टक्के यश जनुकांमुळे आहे, असे तो सांगत नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट परिस्थितीतील लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी किती भाग आनुवंशिक फरकाशी जुळतो, एवढेच त्यातून कळते. सर्वांना सारखे मैदान, सारखा आहार व सारखे मार्गदर्शन मिळाले, तर हा आकडा वाढतो. जेथे निम्म्या मुलांना मैदानच नाही, तेथे तो घटतो.

महाराष्ट्रात ‘घराण्यात कुस्ती आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. त्यांचे वडील दादासाहेब हेही मल्ल होते. येथे वडिलांकडून मुलाला काय मिळाले? जनुकांचा निम्मा वाटा मिळाला, हे खरे. परंतु त्याच घरातून आखाड्याची माती, डावपेच, खुराकाची शिस्त आणि कुस्तीला प्रतिष्ठा देणारा परिसरही मिळाला. शिवाय हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा करावा लागला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले होते. कुटुंबात चालत आलेला गुण आनुवंशिकच असतो, हे गृहीत धरता येत नाही, याचे हे जवळचे उदाहरण होय. जुळ्यांच्या अभ्यासाची गरज नेमकी याच कारणाने भासते: एकरूप जुळ्यांची जनुके सारखी असतात, भिन्न जुळ्यांची सरासरीने निम्मी, आणि दोघांचेही घर मात्र एकच असते.

वंश व वेग

पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीत दहा सेकंदांच्या आत धावलेल्यांपैकी बहुसंख्य धावपटू पश्चिम आफ्रिकी पूर्वज असलेले आहेत. त्यांत जमैका व अमेरिकेतील धावपटूंचा भरणा मोठा आहे. एसीटीएन३ मुळे हे घडते काय, हे तपासण्यासाठी २०१० साली दोन्ही देशांतील अव्वल वेगवान धावपटूंची त्याच समाजातील सामान्य नागरिकांशी तुलना करण्यात आली. दोन्ही गटांत एक्सएक्सचे प्रमाण अत्यल्प होते व त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. जे जनुकरूप जवळजवळ सर्वांकडे आहे, ते विजेता व प्रेक्षक यांतील फरक सांगू शकत नाही.

केनियाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथेही जवळजवळ प्रत्येकाकडे ‘आर’ नमुना आहे, तरीही केनियाची कीर्ती लांब पल्ल्याच्या शर्यतींत आहे, १०० मीटरमध्ये नव्हे. आफ्रिका हा जनुकीयदृष्ट्या सर्वांत विविध खंड आहे. तेथील दोन समूहांतील फरक युरोप व आशियातील समूहांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. त्यामुळे ‘आफ्रिकी जनुके’ या शब्दप्रयोगाला वेगाच्या संदर्भात नेमका अर्थ उरत नाही. जमैकात १९१० पासून शालेय मैदानी स्पर्धांची मोठी परंपरा असून किंग्स्टनमधील वार्षिक स्पर्धा पाहण्यासाठी स्टेडियम भरते. गुणी मुलगा तेथे बहुधा दृष्टिआड राहत नाही. फ्रान्सचा क्रिस्तोफ लमेत्र याने २०१० साली ९.९८ सेकंद, तर चीनच्या सु बिंगत्यान याने टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ९.८३ सेकंद अशी वेळ दिली.

सिद्दी समाज व ‘स्पेशल एरिया गेम्स’

सिद्दी हा आफ्रिकी मूळ असलेला भारतीय समाज आहे. मराठी इतिहासात सिद्दी म्हटले की मुरूडजवळचा जंजिरा आठवतो. निजामशाहीचा वजीर व खडकी शहराचा संस्थापक मलिक अंबर हाही आफ्रिकेतून आलेला होता, मात्र त्याचे मूळ इथिओपियात होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, जोयडा, मुंडगोड व अंकोला या तालुक्यांत राहणारे सिद्दी मोठ्या प्रमाणावर पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या व तेथून जंगलात पळालेल्या लोकांचे वंशज मानले जातात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. बोली कोकणी असून मराठी व कन्नड यांची तीत सरमिसळ आहे. गुजरातमध्ये गीरच्या परिसरातही सिद्दींची वस्ती आहे.

लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिंपिकमधून भारत एकाही पदकाविना परतला. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ‘स्पेशल एरिया गेम्स’ ही योजना राबवली. दुर्गम व आदिवासी भागांतील मुलांत विशिष्ट खेळांसाठी नैसर्गिक अनुकूलता असेल, ती शोधून त्यांना वसतिगृहयुक्त केंद्रांत प्रशिक्षण द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री मार्गारेट अल्वा यांच्या पुढाकाराने १९८७ च्या सुमारास सिद्दी मुलांचा त्यात समावेश झाला. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकी, आणि जगातील अव्वल धावपटूही आफ्रिकी वंशाचे. तेव्हा सिद्दी मुले भारताला मैदानी पदके मिळवून देतील, असे ते गणित होते. वस्त्यांवर चाचण्या घेऊन मुले निवडण्यात आली व घरापासून दूरच्या केंद्रांत पाठवण्यात आली.

या गणितात तीन पायऱ्या गाळलेल्या होत्या. पहिली पूर्वजांची. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सिद्दींचा सुमारे दोन तृतीयांश जनुकीय वारसा आफ्रिकेतील बांटू भाषिक समूहांशी जुळतो. उरलेला प्रामुख्याने भारतीय असून थोडा युरोपीय अंशही संभवतो. जमैकातील लोकांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून नेलेले होते. केनियाचे प्रसिद्ध लांब पल्ल्याचे धावपटू ज्या कालेंजिन समूहातले, तो बांटू भाषिक नाही. म्हणजे ज्या दोन यशस्वी गटांकडे पाहून अपेक्षा बांधली गेली, त्यांपैकी कोणाचेही सिद्दी हे थेट भाऊबंद नव्हेत. दुसरी पायरी समूहापासून व्यक्तीपर्यंतची. एखाद्या समूहात एखादा नमुना जास्त असला, तरी निवडलेल्या मुलात तो आहे असे होत नाही आणि असला तरी तेवढ्याने तो वेगवान होत नाही. तिसरी पायरी काळाची. योजना सुरू झाली तेव्हा एसीटीएन३ चा खेळाशी संबंध कोणालाच माहीत नव्हता; तो समजायला आणखी सोळा वर्षे लागली. जनुकांच्या नावाने जे मांडले जात होते, ते प्रत्यक्षात त्वचेचा रंग व केसांची ठेवण पाहून काढलेले अनुमान होते.

तरीही या मुलांपैकी अनेकांनी चांगली कामगिरी केली व राष्ट्रीय स्तरावर पदके मिळवली. याचे श्रेय वंशाला द्यायचे की, ज्यांना एरवी धावण्याचे बूटही मिळाले नसते त्यांना प्रथमच प्रशिक्षक, आहार व मैदान मिळाले या गोष्टीला, हे ठरवण्यासाठी शेजारच्या गावांतील इतर समाजांच्या मुलांनाही त्याच सोयी देऊन तुलना करावी लागली असती. तशी रचना योजनेत नव्हती. योजनेतील सिद्दींसाठीचा भाग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद पडला. ऑलिंपिक पदकाची अपेक्षा पुरी झाली नाही. काही खेळाडूंना क्रीडा कोट्यातून शासकीय नोकऱ्या मिळाल्या, तर काहींना शिक्षण अर्धवट सोडून गावी परतावे लागले. कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. पुढे या भागात सिद्दी मुलांसाठी धावण्याचे प्रशिक्षण पुन्हा सुरू करण्याचे शासकीय व स्वयंसेवी प्रयत्न झाले आहेत.

याच योजनेची दुसरी बाजू राजस्थानातील तिरंदाज लिंबाराम यांच्या रूपाने दिसते. अहारी या आदिवासी समाजातील लिंबाराम १९८७ साली चाचणीतून निवडले गेले व पुढे तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारतातर्फे खेळले. त्यांच्या बाबतीत निवडीचा आधार पूर्वजांचा वंश नव्हता. ते लहानपणापासून धनुष्यबाण वापरत होते आणि चाचणीत त्यांचा नेम प्रत्यक्ष पाहण्यात आला होता. सिद्दी मुलांच्याही चाचण्या झाल्या, पण चाचणीला कोणत्या वस्तीवर जायचे हे आधीच वंशाने ठरले होते. हा फरक योजनेच्या चर्चेत सहसा हरवतो.

महाराष्ट्रातील वेगवान धावपटू

महाराष्ट्राच्या मैदानी खेळांची अलीकडची ओळख दमाच्या शर्यतींशी जोडली गेली आहे. नाशिकच्या कविता राऊत, साताऱ्याच्या ललिता बाबर आणि बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे ही नावे सर्वपरिचित आहेत. त्यावरून ‘आपल्याकडे वेग नाही, दम आहे’ असे विधान केले जाते. इतिहास त्याला पूर्ण साथ देत नाही. दिल्लीतील १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० व २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके मुंबईकडून धावणारे लेव्ही पिंटो यांनी जिंकली. वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांनी त्याच स्पर्धेत २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० व २०० मीटर या शर्यतींत त्या धावल्या. महाराष्ट्राचे तेजस शिरसे यांनी मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला.

साबळे यांचा मार्गही लक्षात घेण्यासारखा आहे. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले आणि स्पर्धात्मक धावणे त्यांनी सैन्यातच सुरू केले. दमाच्या धावण्यासाठी रस्ता व चिकाटी यांवर बरीच मजल मारता येते. वेगवान शर्यतीसाठी मात्र कृत्रिम धावमार्ग, सुरुवातीचे ठोकळे, अचूक वेळमापन, वजनांची व्यायामशाळा आणि तंत्र जाणणारा प्रशिक्षक लहान वयातच लागतो. पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. परंतु ग्रामीण भागातील बहुतेक शाळांत आजही फक्की मारून आखलेल्या मातीच्या मैदानावरच शर्यती होतात. जनुकांचा विचार करण्याआधी हा फरक वजा करावा लागतो.

जनुकीय चाचण्या

लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमच्या मुलाला कोणता खेळ योग्य’ हे सांगण्याचा दावा करणाऱ्या व्यापारी चाचण्या अनेक देशांत विकल्या जातात. भारतातही त्या उपलब्ध आहेत. त्यांत एसीटीएन३ चा समावेश बहुधा असतोच. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमत-निवेदनात, गुणवत्ता शोधण्यासाठी किंवा प्रशिक्षण ठरवण्यासाठी मुलांची अशी चाचणी करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने जनुकांत फेरफार करून क्षमता वाढवण्यावर २००३ पासून बंदी घातली आहे; चाचणी करण्यावर मात्र अशी बंदी नाही.

चाचणीचा अहवाल वाचताना साधा हिशेब उपयोगी पडतो. एखाद्या समूहात एक्सएक्सचे प्रमाण २५ टक्के धरले, तर ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात सुमारे ३७ ते ३८ मुलांच्या अहवालात ‘वेगाचे जनुक आहे’ असे लिहून येईल. त्यांपैकी तालुका स्तरावर कोण निवडले जाईल, हे अहवालातून कळणार नाही. उरलेल्या बारा-तेरा मुलांना ‘वेगाच्या खेळांत भवितव्य नाही’ असे सांगितले, तर त्यांतला वर्गातील सर्वांत वेगवान मुलगाही बाद होऊ शकतो. ज्या प्रश्नाचे उत्तर या चाचणीतून शोधले जाते, त्याचे अधिक अचूक उत्तर ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी आणि काही महिन्यांच्या सरावानंतर तीच मोजमापे पुन्हा घेणे यांतून मिळते. त्यासाठी एक विरामघड्याळ व मोजपट्टी पुरते.